दुधाच्या दाताला मार लागला तर...

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी, दवाखाना बंद असताना, घराची कडी वाजली. दारात एक तरुण बाप उभा होता. कडेवर दोन वर्षांची मुलगी, तिच्या झबल्यावर रक्ताचे डाग, आणि त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेला एक इवलासा दात. मागून त्याची आई धापा टाकत येत होती. मुलगी ओट्यावरून तोंडावर पडली होती. बापाने रुमाल माझ्यापुढे उघडला आणि म्हणाला, "डॉक्टर, लवकर बसवून द्या. लहानपणी माझा नाही का तुम्हीच बसवला होता!"

मी दात बसवला नाही. १९९८ साली त्याचा दात मी बसवला होता, हे मात्र खरे. तेव्हा का बसवला आणि आता का बसवला नाही, हे सांगण्यासाठीच आजचा लेख आहे. घरात चालायला शिकणारे मूल असेल तर प्रत्येकाने हे माहीत करून घेतले पाहिजे, कारण तोंडावर पडल्याशिवाय कोणतेच मूल चालायला शिकत नाही.

दाताच्या मागचा दात

दुधाचे दात एकूण २०. वर १० आणि खाली १०. साधारण सहाव्या महिन्यापासून ते येऊ लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत पूर्ण येतात. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दात हलू लागतात आणि शेवटच्या दुधाच्या दाढा अकराव्या-बाराव्या वर्षी पडतात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते.

ठाऊक नसते ते पुढचे. वरच्या पटाशीच्या कायमच्या दातांचे टणक आवरण बाळ तीन-चार महिन्यांचे असल्यापासून जबड्याच्या हाडात घडू लागते आणि हे काम चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालते. हा कोवळा दात दुधाच्या दाताच्या मुळामागे, टाळूच्या बाजूला, अगदी खेटून असतो. वाफ्यात बी रुजत असताना वरून मेख ठोकली तर जे होईल, तेच दुधाचा दात जोराने आत दाबला गेला तर होऊ शकते. मग पुढे कायमचा दात पांढरे, पिवळे किंवा तपकिरी डाग घेऊन येतो, त्याच्यावर खळगा पडतो, क्वचित त्याचे मूळ वाकडे होते किंवा तो उशिरा येतो. मूल जितके लहान, तितका हा धोका जास्त.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की करावी. दुधाच्या दाताच्या अपघातात खरा जपायचा असतो तो आतला, न दिसणारा दात. दिसणारा दात आज ना उद्या पडणारच आहे.

माझी चूक

१९९८ साली मला दवाखाना थाटून दोनच वर्षे झाली होती. आजचा हा बाप तेव्हा अडीच वर्षांचा होता. उंबरठ्याला अडखळून पडला आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. एम.बी.बी.एस.ला दातांचा अभ्यास जेमतेम. निखळलेला दात ताबडतोब जागेवर बसवावा, एवढे माझ्या लक्षात होते. ते कायमच्या दाताबद्दल आहे, हे लक्षात नव्हते. मी दात धुतला आणि खाचेत दाबून बसवला. आईवडिलांनी हात जोडले. मलाही बरे वाटले.

दहाव्या दिवशी हिरडीवर पुवाची पुळी आली आणि दात लटलटू लागला. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी दंतवैद्यांकडे पाठवून तो काढावा लागला. त्या सज्जन गृहस्थांनी मला फोन करून शांतपणे समजावले की, दुधाचा दात कधीही परत बसवायचा नसतो. पुढे आठव्या वर्षी मुलाचा कायमचा दात आला तो तपकिरी डाग आणि खडबडीत खळगा घेऊन. तो डाग पडण्याच्या माराने आला, की माझ्या दाबण्याने आणि नंतरच्या पुवाने, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. पण माझ्या उपचाराने फायदा काही झाला नाही आणि धोका मात्र वाढला, एवढे निश्चित.

पडल्यावर पहिली दहा मिनिटे

तोंडाला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे जखम लहान असली तरी रक्त पुष्कळ दिसते आणि लाळेत मिसळून आणखी जास्त वाटते. घाबरून न जाता पुढील क्रमाने करावे.

१) आधी डोके, मग दात. मूल बेशुद्ध झाले होते का, गुंगीत आहे का, पुन्हा पुन्हा उलटी होते का, झटके येतात का, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येते का, हे पाहावे. यातले काहीही असेल किंवा तोंड मिटता-उघडता येत नसेल, तर थेट रुग्णालयात न्यावे. दाताचे नंतर पाहता येईल.

२) मुलाला मांडीवर बसवून थोडे पुढे झुकवावे. उताणे निजवू नये, रक्त घशात जाते.

३) स्वच्छ सुती कापडाची घडी पाण्यात भिजवून, पिळून, रक्त येते त्या जागी घड्याळ लावून दहा मिनिटे दाबून धरावी. मधे मधे काढून पाहू नये. वरचा ओठ आणि हिरडी यांना जोडणारी मधली पातळ घडी लहान मुलांत बऱ्याचदा फाटते. ती दिसायला भयंकर दिसते, पण दाबून धरल्याने रक्त थांबते आणि बहुधा टाक्यांशिवाय भरून येते. ओठ चिरला असेल, मात्र, तर डॉक्टरांना दाखवावे.

४) ओठाला बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा. सूज कमी येते.

५) दात मोजावेत. निखळलेला दात किंवा तुटलेला तुकडा शोधावा. सापडला नाही तर तो हिरडीत आत गेलेला असू शकतो, ओठात रुतलेला असू शकतो, गिळला गेलेला असू शकतो किंवा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. गिळलेला दात बहुधा शौचावाटे निघून जातो. पण मूल सारखे खोकत असेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर क्षणभरही थांबू नये. असे काही दिसत नसले तरी दात सापडला नाही, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गरज वाटल्यास ते एक्स-रे काढतील.

६) जखमेत हळद, चहाची पूड, चुना, तंबाखू, मशेरी यांपैकी काहीही भरू नये. तंबाखू आणि मशेरी तर लहान मुलाला विषच. दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉलचे औषध पुरते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये.

लहान मूल तोंड उघडू देत नाही, ही आयांची नेहमीची तक्रार. दोघांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसावे. मुलाचे पाय आईच्या कमरेशी आणि डोके समोरच्याच्या मांडीवर ठेवावे. आईने हात धरावेत, समोरच्याने ओठ हळूच वर करून पाहावे. मूल रडेल, पण रडताना तोंड आपोआप उघडते आणि सगळे दिसते.

दाताचे काय झाले आहे?

लहान मुलांच्या जबड्याचे हाड मऊ असते. त्यामुळे दुधाचे दात तुटण्यापेक्षा जागचे हलण्याचे प्रकार जास्त. बहुतेक वेळा मार वरच्या पुढच्या दातांना बसतो.

दात हलतो, हिरडीतून थोडे रक्त येते : काही करावे लागत नाही. स्वच्छता आणि आठवडाभर मऊ खाणे पुरते. हाताने हलवून पाहण्याचा मोह टाळावा.

दात मागे किंवा बाजूला सरकला : तोंड मिटताना खालचा दात त्यावर अडकत नसेल, तर ओठांच्या आणि जिभेच्या दाबाने तो हळूहळू आपोआप जागेवर येतो. अडकत असेल, तर दंतवैद्यांकडे लगेच जावे. ते दात जागेवर आणतील किंवा काढतील. घरी किंवा माझ्यासारख्या डॉक्टरने तो ढकलू नये.

दात बाहेर लोंबू लागला : थोडासाच खाली आला असेल तर राहू देतात. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आला किंवा फार लटलटत असेल तर काढणे बरे.

दात आत घुसला : दात आखूड दिसतो किंवा दिसतच नाही, आणि घरचे लोक म्हणतात, "दात पडला, पण सापडत नाही." मागच्या दाताच्या दृष्टीने हा प्रकार काळजीचा. पूर्वी असे दात पुष्कळदा काढून टाकत. आता तसे करत नाहीत. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजी या संस्थेने २०२० साली सुधारलेल्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटले आहे की, आत गेलेला दुधाचा दात आपोआप खाली येण्याची वाट पाहावी. बहुधा सहा महिन्यांत तो परत दिसू लागतो, काही वेळा वर्षही लागते. दंतवैद्यांची नजर मात्र त्यावर हवी.

दात मुळासकट निखळला : परत बसवू नये. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या निखळलेल्या दाताला लांब मूळ असते. ते पाहून घरातले घाबरतात, हा कायमचा दात असावा असे त्यांना वाटते. सातव्या वर्षी आपोआप पडणाऱ्या दाताचे मूळ झिजून गेलेले असते, म्हणून तो टिकलीएवढा दिसतो. फरक इतकाच.

दात तुटला : फक्त टोक उडाले असेल तर धारदार कड घासून देतात. मोठा तुकडा गेला असेल तर त्यावर आवरण लावतात. तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत असेल तर आतली नस उघडी पडली आहे असे समजावे आणि एक-दोन दिवसांत दंतवैद्य गाठावा.

घरची निगा

जखम भरून येण्यासाठी औषधापेक्षा स्वच्छता महत्त्वाची. दुखते म्हणून दात घासणे बंद करू नये. मऊ ब्रशने किंवा ओल्या कापडाने प्रत्येक जेवणानंतर हलक्या हाताने पुसावे. डॉक्टरांना विचारून अल्कोहोल नसलेले क्लोरहेक्झिडीनचे द्रावण कापसाच्या बोळ्याने दिवसातून दोनदा, आठवडाभर, त्या जागी लावावे. मुलाला चूळ भरायला देऊ नये, ते गिळते.

खायला मऊ भात, खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी, उपमा, केळे द्यावे. चकली, चिक्की, ऊस काही दिवस नको. चोखणी असेल तर तीही बंद ठेवावी. पण महिनाभर पेजेवर ठेवण्याचीही गरज नाही. दुखणे कमी झाले की नेहमीचे खाणे सुरू करावे.

अँटिबायोटिक लिहून द्या, असा आग्रह पुष्कळ जण धरतात. निव्वळ दाताला मार लागला म्हणून ते द्यावे लागत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही तसेच. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे पेंटाव्हॅलंट आणि १६ ते २४ महिन्यांतला डीपीटीचा बूस्टर वेळेवर मिळाला असेल, तर प्रत्येक पडण्याला सुई लागत नाही. म्हणून येताना लसीकरणाचे कार्ड सोबत आणावे.

दात काळा पडला तर?

मार लागल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दात करडा, काळसर किंवा पिवळट होतो. आई घाबरते, आणि पाहुणेमंडळी "दात किडला" म्हणून भर घालतात. मार लागलेल्या दाताचा रंग बदलला म्हणजे तो किडला असे नाही. काही वेळा रंग काही महिन्यांनी पुन्हा उजळतो. उजळला नाही तरी दुखणे, सूज नसेल, तर तो दात तसाच ठेवता येतो. केवळ रंगासाठी रूट कॅनाल करण्याची किंवा दात उपटण्याची आवश्यकता नाही.

लक्ष ठेवायचे ते दुसऱ्या गोष्टींवर. हिरडीवर पुळी येणे, पू येणे, हिरडी किंवा गाल सुजणे, बरा झालेला दात पुन्हा हलू लागणे, ताप येणे. यांपैकी काही दिसले तर दंतवैद्यांकडे जायला उशीर करू नये. आतला पू मागच्या कोवळ्या दाताला बाधक ठरू शकतो.

काही त्रास नसला तरी एका आठवड्याने आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी दात दाखवावा. आत गेलेला दात सहा महिन्यांनी आणि वर्षानेही दाखवावा. मोठा मार असेल तर मूल सहा वर्षांचे झाल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्यावे. जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्यांच्याकडेही जुन्या माराची गोष्ट सांगावी.

कायमच्या दाताचा नियम अगदी उलटा

आतापर्यंत सांगितले ते दुधाच्या दाताचे. सहा-सात वर्षांनंतर पुढे येणारे मोठे, कंगोरेदार कडेचे दात कायमचे. असा दात निखळला तर तो परत बसवायचाच, आणि तोही मिनिटे मोजून.

काही वर्षांपूर्वी आठ वर्षांचा एक मुलगा शाळेच्या मैदानात पडून माझ्याकडे आला. मी विचारले, "दात कुठे आहे?" आजी म्हणाल्या, "दुधाचाच असेल म्हणून कौलावर टाकला." पडलेला दात छपरावर टाकण्याची आपली रीत चांगली आहे, मुलांना त्यात गंमत वाटते. पण तो कायमचा दात होता. माणूस चढवून शोधेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि दात गेला तो गेलाच.

कायमचा दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा नळाखाली क्षणभर धुवावा, घासू नये. मूल शुद्धीवर असेल तर तिथेच खाचेत बसवून त्याला रुमाल चावून धरायला सांगावे. जमत नसेल तर पेलाभर थंड दुधात दात ठेवून तडक दंतवैद्यांकडे जावे. कागदात किंवा रुमालात कोरडा ठेवू नये, पाण्यातही ठेवू नये. पहिला अर्धा-एक तास मोलाचा. शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. दात दुधाचा की कायमचा हे कळत नसेल, तर तो दुधात ठेवून दाखवायला आणावा. बसवायचा की नाही हे मग ठरवता येते.

एक नेहमीची शंका

"दुधाचा दात लवकर पडला, आता कायमचा लवकर येईल का?" असे पालक विचारतात. दात फार लहान वयात गेला असेल तर बहुधा नाही. वरचा हिरडीचा भाग घट्ट होतो, त्यामुळे कायमचा दात उलट थोडा उशिरा येऊ शकतो. शेजारचा जोडीचा दात येऊन सहा महिने झाले तरी हा आला नाही, तर दाखवावे. मधल्या काळात पुढचा एखादा दात नसल्याने मूल उपाशी राहत नाही की बोलायचे थांबत नाही.

पडणे टाळता येत नाही, पण...

काही पडणी टाळता येतात. चाकाच्या वॉकरमध्ये बाळाला बसवू नये. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट पायरीवरून उलटते. कॅनडाने २००४ सालीच त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तोंडात ब्रश, पेन्सिल, पिपाणी धरून मुलाला पळू देऊ नये. ओली फरशी लगेच पुसावी. मोटारसायकलवर मुलाला पुढे टाकीवर बसवण्याची सवय सोडावी. करकचून ब्रेक दाबला की दात थेट हँडलवर आपटतात. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा लावण्याचा केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. जे बाळ अजून चालतही नाही, त्याच्या ओठाची आतली घडी फाटलेली दिसली तर डॉक्टर जरा जास्त प्रश्न विचारतात. त्याचा राग मानू नये. रडते, जेवत नाही म्हणून चमचा किंवा पेला जोराने तोंडात कोंबल्यानेही असे होते. कोणाचा हात उठला असेल तर तेही सांगावे. बाळ स्वतः सांगू शकत नाही.

त्या रविवारी मी मुलीच्या हिरडीवर दहा मिनिटे कापडाची घडी धरली. रक्त थांबले. डोके, ओठ, बाकीचे दात तपासले, कार्ड पाहिले. मग तिच्या बापाला आणि आजीला बसवून घेतले आणि १९९८ ची सगळी हकिगत सांगितली. त्या वेळी मी ती नीट सांगितली नव्हती. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे या वेळी काही न करणं हाच उपाय म्हणा की."

जवळजवळ तसेच. स्वच्छता ठेवायची, लक्ष ठेवायचे, आणि खाचेत काही दाबायचे नाही. आठवड्याने मुलगी आली तेव्हा हिरडी छान भरली होती. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना दंतवैद्यांकडेही पाठवले होते. कायमचा दात कसा येईल, हे कळायला अजून पाच-सहा वर्षे आहेत. रुमालातला दात मात्र बापाने घरी नेऊन मुलीच्या हातानेच कौलावर टाकला.